शेलूच्या पावसात लाकडी डेक टिकवायचा? तुमचा फोन कुठे कामाला येतो आणि कुठे फसवतो

कर्जत-नेरळकडच्या फार्महाऊसचे रील्स तुम्ही बघितले असतीलच. दृश्य ठरलेलं असतं: लाकडी डेक, त्यावर दोन खुर्च्या, वाफाळता चहा आणि मागे ढगात गेलेला माथेरानचा डोंगर. मस्त दिसतं. रीलमध्ये फक्त एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे त्याच डेकचा पुढचा जुलै.

आम्ही तो जुलै बघितला. शेलूला आमचं छोटं घर आहे. मध्य रेल्वेवर वांगणी सोडलं की ठाणे जिल्हा संपतो आणि रायगडातलं पहिलं स्टेशन लागतं ते शेलू. घराच्या मागच्या बाजूला बारा फूट रुंदीचा डेक बाबांनी मे महिन्यात करून घेतला. काम करणाऱ्याने फळीला फळी इतकी घट्ट चिकटवली की मध्ये पोस्टकार्डही जाणार नाही. आम्ही सगळे खूश. ‘काय फिनिशिंग आहे!’ असं म्हणत मी फोटोही टाकला होता. जून गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डेक मधोमध उंटाच्या पाठीसारखा वर आला. काही स्क्रू डोक्यापाशी तुटले, काही लाकडातून उपटले गेले. बाहेर उघडणारं मागचं दार फळ्यांना अडकायला लागलं. आई ते दार ढकलत बाहेर आली आणि शेवाळलेल्या फळीवरून घसरली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

काम करणाऱ्याचं म्हणणं एकच, ‘तुमच्याकडे पाऊसच जास्त.’ पाऊस जास्त आहे हे खरं. पण तो काही त्या वर्षी नव्याने आलेला नव्हता! २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली होती ती इथेच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये. या पट्ट्यात बाहेर लाकूड टाकायचं तर पाऊस धरूनच हिशोब करायला हवा. तो हिशोब कुणी केलाच नव्हता. म्हणून दुसऱ्यांदा डेक करताना मी तो स्वतः करायला बसलो.

लाकूड किती फुगतं? कॅल्क्युलेटर उघडा

लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता जितकी, त्या प्रमाणात लाकडात पाणी मुरतं आणि काही आठवड्यांनी ते एका पातळीवर स्थिरावतं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातला ओलावा साधारण ९ टक्के होतो. आर्द्रता ८० टक्के झाली की १६ टक्के आणि ९० टक्के झाली की २० टक्क्यांच्या जवळ. (हे टक्के लाकडाच्या कोरड्या वजनाच्या तुलनेत मोजतात.) मे महिन्याच्या कोरड्या दुपारी आणलेलं लाकूड आणि जुलैतलं लाकूड यांत म्हणूनच दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो.

आता फुगण्याचं गणित. सागवानाची फळी ओलाव्याच्या प्रत्येक एका टक्क्याला रुंदीत साधारण ०.२ टक्के वाढते. फळी १२५ मिलिमीटर रुंद, म्हणजे पाच इंच धरा. ओलावा दहा टक्क्यांनी वाढला तर फळी २ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीच मिलिमीटर. एवढंसंच! पण आमच्या बारा फुटांत अशा २९ फळ्या होत्या. २९ गुणिले अडीच म्हणजे ७२ मिलिमीटर. जवळजवळ तीन इंच. एका बाजूला घराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटचा कठडा. ते तीन इंच जाणार कुठे? वर गेले.

लांबीत मात्र लाकूड जवळपास वाढत नाही. तो प्रश्न रुंदीचाच. फळी लाकडाच्या ओंडक्यातून कशी चिरली आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. टोकाकडून बघितलं तर वर्तुळांच्या रेषा फळीच्या रुंदीला आडव्या पसरलेल्या दिसल्या तर ती जास्त फुगते. उभ्या दिसल्या तर साधारण निम्मी. फळ्या घेताना टोकांचे जवळून फोटो काढा आणि घरी मोठे करून बघा. फोनच्या कॅमेऱ्याचा हा अगदी खरा उपयोग.

फोनमध्ये ओलावा मोजता येतो का?

नाही. प्ले स्टोअरवर ‘मॉइश्चर मीटर’ नावाची ॲप्स दिसतात, पण फोनमध्ये लाकडाच्या आतला ओलावा मोजणारा सेन्सरच नसतो. हवेची आर्द्रता मोजणारा सेन्सर काही थोड्या फोनमध्ये येऊन गेला. २०१३ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस ४ मध्ये तो होता. पुढे ती पद्धत पडली नाही. हवामानाच्या ॲपमध्ये आर्द्रतेचा आकडा दिसतो तो लांबच्या केंद्राचा किंवा संगणकी अंदाजाचा. तुमच्या डेकच्या खालच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही आणि वारा अडतो, तिथली हवा वेगळीच असते.

त्यासाठी दोन टोकदार पिनांचं छोटं मीटर मिळतं. आम्ही ऑनलाइन घेतलं, दोन हजारांच्या आत. तत्त्व सोपं आहे. कोरडं लाकूड वीज जवळपास वाहू देत नाही. ओलावा वाढला की त्याचा विद्युतरोध लाखो पटींनी कमी होतो. पिना लाकडात रोवल्या की मीटर तो रोध मोजतं आणि त्यावरून टक्का दाखवतं. साधारण ७ ते २८ टक्क्यांमध्ये आकडा भरवशाचा असतो. त्याच्या पुढे मीटरने ४५ दाखवलं तरी अर्थ एवढाच, की लाकूड ओलंचिंब आहे. बहुतेक मीटर परदेशी लाकडावर बेतलेली असतात, त्यामुळे सागवानावर आकडा एखाद-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. मी यावर साधा उपाय केला. जुन्या डेकची एक फळी वर्षभर पडवीत पडून होती. ती शेलूच्या हवेला मुरलेली. नवीन फळीचा आकडा नेहमी तिच्याशी ताडून बघायचा.

नोव्हेंबरात फळ्या आल्या तेव्हा आकडा होता १७-१८. आम्ही त्या सावलीत, प्रत्येक थरामध्ये लाकडी पट्ट्या घालून, चारी बाजूंनी वारा लागेल अशा रचून ठेवल्या. दर रविवारी त्याच पाच फळ्यांवर त्याच जागी पिना टोचायच्या आणि आकडा फोनमधल्या शीटमध्ये टाकायचा. चार आठवड्यांनी १२-१३ वर येऊन थांबला, पडवीतल्या फळीच्या बरोबरीला. मग सुतारकाकांना फोन केला.

नेरळकडचे हे काका चाळीस वर्षं रंधा चालवतायत. माझी शीट त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितली आणि म्हणाले, ‘बाळा, आम्ही फळी हातात घेतली की कळतं. पण तुझं यंत्र खोटं बोलत नाहीये.’ त्यांनी ६ मिलिमीटरच्या प्लायचे तुकडे रंधून ५ मिलिमीटरचे केले आणि दोन फळ्यांच्या मध्ये तेच घालत पुढे गेले. भिंतीपाशी आणि कठड्यापाशी जास्त, प्रत्येकी बोटभर फट. तुम्ही मे महिन्यात, अगदी वाळलेली फळी टाकत असाल तर ६ मिलिमीटर ठेवा. पावसाळ्यात ओली फळी टाकायचीच असेल तर ३ पुरे, कारण ती पुढे आकसणार आहे. पण खरं सांगू का, पावसाळ्यात टाकूच नका.

लाकूड कोणतं?

‘सागवान आहे, शंभर वर्षं बघायला नको’ हे वाक्य वखारीत हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती मलबारी सागवानाची आहे आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. ‘डेक’ हा शब्दही आपल्याकडे जहाजांमुळेच आला. पण ही ख्याती सागाच्या गाभ्याची. त्याच झाडाचं बाहेरचं, सालीलगतचं फिकट लाकूड वाळवी आणि बुरशी आवडीने खाते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा टिकाऊपणा तपासायची एक मजेदार पद्धत आहे. ६० सेंटिमीटर लांबीचे खुंट अर्धे जमिनीत पुरून ठेवायचे आणि कधी कुजतात ते बघायचं. नावही तसंच, ‘कबरस्तान चाचणी’. दहा वर्षांच्या वर टिकलं तर पहिला वर्ग, पाच ते दहा वर्षं दुसरा, त्याखाली तिसरा. सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो, तो गाभाच. आमच्या पहिल्या डेकच्या फळ्या उपटल्यावर खालच्या बाजूला फिकट पट्टे दिसले. कीड आणि बुरशी नेमकी तिथेच होती. वरून पॉलिशचा रंग चढवलेला असल्याने आधी कळलं नाही. म्हणून फळी पॉलिशआधी बघा, दोन्ही बाजूंनी.

बाजारात ‘सीपी टीक’ म्हणतात ते विदर्भाकडचं. बल्लारपूर-आलापल्लीचा साग तो हाच. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेलं तेही बल्लारपूरहून. मोठ्या प्रकल्पांत ‘इपे’ नावाचं दक्षिण अमेरिकेतलं लाकूड वापरतात. ते पाण्यात बुडतं इतकं जड आणि सागापेक्षा जास्त फुगतं. नोव्हेंबर २०२४ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो, म्हणून विकत घेताना कागद मागा.

आणि ‘गावात एक झाड आहे, स्वस्तात पाडून देतो’ असं कुणी म्हणालं तर दोनदा विचार करा. साग, ऐन, किंजळ ही झाडं आपल्याच जमिनीत असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते. शिवाय ताजं तोडलेलं लाकूड इतकं ओलं असतं की ते फळी म्हणून टाकलं तर वाळताना फाटतं आणि पिळवटतं.

खालची बाजू, जी कुणी फोटोत घेत नाही

मला विचाराल तर डेकचं आयुष्य वरच्या पॉलिशवर नाही, खालच्या हवेवर ठरतं. आपल्या जुन्या घरांत लाकडी खांब कधी मातीत रोवलेला दिसत नाही. त्याखाली दगडी तळखडा असतो. खांबाचं टोक हे स्ट्रॉच्या जुडग्यासारखं असतं. ओल्या मातीला लागलं की पाणी वर चढतं आणि वाळवीला जिना मिळतो. डेकलाही तेच लागू. आम्ही सिमेंटचे छोटे ठोकळे ओतले, त्यावर लोखंडी पाय गॅल्व्हनाइज करून बसवले आणि त्या पायांवर वासे. जमिनीपासून दीड फूट मोकळं. खालच्या जमिनीला घरापासून बाहेर उतार, वर खडी. वासे सोळा इंचांवर एक. प्रत्येक वाशाच्या पाठीवर पाणी न मुरू देणारी चिकटपट्टी, कारण पाणी साचतं ते फळी आणि वासा एकमेकांना टेकतात तिथेच. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मेण.

उतार मोजताना मी हौसेने फोनचं लेव्हल ॲप काढलं. इथे फोन फसवतो. एका मीटरला एक सेंटिमीटर उतार म्हणजे फक्त ०.५७ अंश. बरीच ॲप्स पूर्ण अंशच दाखवतात, आणि फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे तो सपाट बसतच नाही. वापरायचंच असेल तर कव्हर काढा, फोन आडव्या कडेवर लांब सरळ पट्टीवर ठेवा, आकडा घ्या, मग फोन उलट दिशेने फिरवून पुन्हा घ्या. दोन आकड्यांत फरक आला तर तो फोनचा दोष. काकांनी मात्र गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली आणि पाच मिनिटांत काम केलं.

स्क्रूबद्दल दोन शब्द, कारण पैसे इथे वाचवले जातात आणि डेक इथेच मरतो. साधा लोखंडी स्क्रू शेलूच्या एका पावसाळ्यात गंजतो आणि लाकडावर काळा डाग सोडतो. स्टेनलेस स्टील घ्या, ३०४ ग्रेडचं. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४’ ही युक्ती यूट्यूबवर खूप फिरते. तिच्यावर विसंबू नका. स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक जेमतेमच चिकटतं. खोक्यावर ग्रेड छापलेला बघा आणि बिलावर लिहून घ्या. सागवानात आधी बारीक भोक पाडूनच स्क्रू घाला, नाहीतर टोकाजवळ फळी चिरते.

तेल लावायचं की नाही?

उन्हाने लाकूड राखाडी होतं. लोक घाबरतात, पण ते कुजणं नाही. अतिनील किरणांनी वरच्या पातळ थरातलं लिग्निन तुटतं आणि पाऊस ते धुऊन नेतो. जहाजांचे सागवानी डेक तेल न लावता असेच राखाडी ठेवायची जुनी पद्धत आहे. तेल हे रंगासाठी आहे. लावायचं तर दिवाळीनंतर, लाकूड १५ टक्क्यांखाली आल्यावर, पातळ थर आणि वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं. कच्चं जवसाचं तेल टाळा, आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. आणि हे लक्षपूर्वक वाचा: जवसाचं तेल असलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं कुणी काडी न लावता पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

घसरण होते ती शेवाळामुळे. जूनच्या आधी एकदा आणि पावसात दर पंधरा दिवसांनी भांड्यांचा साबण आणि ब्रश, हलक्या हाताने. प्रेशर वॉशरचे व्हिडिओ बघायला समाधान देतात, पण तो मऊ तंतू उपटतो, फळी खडबडीत होते आणि पुढच्या वेळी शेवाळ जास्त धरतं. फट्यांतला पालापाचोळा जुन्या सुरीने काढा, तो ओल धरून ठेवतो. कुंड्या थेट फळीवर नकोत.

खाली हात घालून तपासणी करू नका. आमच्याकडे घोणस निघते. सेल्फी स्टिकला फोन लावा, टॉर्च चालू करा आणि सगळ्या पायांवरून सावकाश व्हिडिओ फिरवा. दर महिन्याला त्याच क्रमाने. मागच्या ऑगस्टमध्ये अशाच एका व्हिडिओत तिसऱ्या ठोकळ्यावर पेन्सिलीएवढी मातीची नळी चढताना दिसली. जुलैच्या व्हिडिओत ती नव्हती. लांब काठीने खरवडली, दोन दिवसांनी बघितलं तर तिने तीच नळी पुन्हा बांधायला घेतली होती. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. वासा अजून दोन इंच वर होता.

त्याच दिवशी मीटर टोचलं. आकडा २०. फटी ५ वरून ३ मिलिमीटरवर आलेल्या. मागचं दार आईने स्वतः उघडून बघितलं, दोनदा.